"सोमवारी अ‍ॅडमिट होतो"

अहो,

'प्रिय' लिहिलं होतं, खोडलं. आत्ता तुम्ही मला प्रिय नाही आहात. पुढे कधी झालात तर बघू.

तुम्हाला जाऊन अडीच महिने झाले. एवढ्या दिवसांत मी तुमच्याशी एक शब्द बोलले नाही. फोटोपुढे उदबत्ती लावते ती हाताला सवय लागलीय म्हणून, बाकी तोंड फिरवून निघून जाते. पण आज पोस्टातून हाफ डे टाकून आले आणि न जेवता सरळ हे लिहायला बसलेय. सकाळी माने येऊन गेला. तो जे बोलला त्याने माझं डोकं फिरलंय, आणि त्याला जबाबदार तुम्ही आहात. दुसरं कोणी नाही!

आधी तुमच्या त्या क्लासबद्दल बोलू. हवाई दलात वीस वर्षं विमानांची इंजिनं उघडलीत. बाहेर आलात तर प्रवासी विमानांचे सिव्हिलवाले म्हणाले, तिकडचं तिकडे, इथे परीक्षा द्या, विमानदुरुस्तीचं लायसन्स काढा. चाळिशी गाठलेला माणूस चारकोपच्या आपल्या दोन खोल्यांत पाठांतर करत येरझाऱ्या घालायचा. पास झालात, अंधेरीला हँगरमध्ये नोकरी लागली. मग गप्प बसायचं की नाही? नाही! "माझी झाली तशी दुसऱ्यांची फरफट नको," म्हणून दर रविवारी आपल्या जेवणाच्या टेबलाभोवती फौजेतून सुटलेली माणसं गोळा केलीत. कोण नेव्हीतला, कोण हवाई दलातला, माने आर्मीच्या हेलिकॉप्टरवरचा. चाळीस-चाळीस वर्षांचे बाप्ये, आणि तुम्ही त्यांना 'पोरं' म्हणायचात.

नऊ म्हणजे नऊ. आठ पन्नासला येऊन जिन्यात उभे राहतील, पण बेल नऊलाच. बूट दाराबाहेर एका रांगेत. दहा वर्षं मला रविवारी उशिरा उठायला मिळालं नाही! मी कटकट केली की तुम्ही म्हणायचात, "पोहे जरा जास्त टाक."

आणि त्या परीक्षेतला तुमचा तो लाडका पेपर. माणसाच्या हातून चुका का होतात, त्यावरचा. झोप झाली नाही, अंगात ताप आहे, घरी भांडण झालंय, तर विमानाला हात लावायचा नाही आणि साहेबाला तोंडावर तसं सांगायचं. पोरांना इंजिन जमायचं, एवढं सांगणं जमायचं नाही. फौजेत आजारी आहे म्हटलं की कामचोर म्हणतात, हे तुम्हीच सांगायचात ना? म्हणून तुम्ही एकेकाला उभं करून मोठ्याने म्हणायला लावायचात, "सर, आज मी कामाला फिट नाही."

माने उभा राहिला, छाती पुढे काढली आणि ओरडला, "सर, फिट आहे!" सगळे खो खो हसले. चार रविवार लागले त्याला. चौथ्या रविवारी म्हणाला तेव्हा शर्ट घामाने भिजला होता. तुम्ही त्याच्या पाठीवर थाप मारलीत, "हे लायसन्सपेक्षा मोठं आहे रे." मी आत पोहे परतत ऐकत होते. अभिमान वाटला होता हो मला तुमचा.

आणि मग तुम्ही स्वतः काय केलंत?

त्या रविवारी साडेदहाला फळ्यापाशी कोसळलात. हातात मार्कर होता. हॉस्पिटलच्या दारात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. सोसायटीच्या हॉलमध्ये शोकसभा झाली, तिथे जो तो म्हणत होता, "काय भाग्याचं मरण! ड्यूटीवर गेले!" माने तर हमसून हमसून रडत म्हणाला, "सर शेवटपर्यंत उभे राहिले." मलाही तेव्हा तेच खरं वाटलं. त्यातल्या त्यात बरं वाटलं.

तेराव्यानंतर नाक्यावरचे आपले डॉक्टर घरी आले. बिचारे मान खाली घालून बसले होते. म्हणाले, "वहिनी, साहेब मंगळवारी दुपारी आले होते. छातीत दुखतंय म्हणाले. ईसीजी काढला, चांगला नव्हता. चिठ्ठी लिहून दिली, आत्ताच्या आत्ता अ‍ॅडमिट व्हा. तर म्हणाले, पोरांची परीक्षा तोंडावर आहे, रविवारी शेवटचा क्लास आहे, सोमवारी होतो."

सोमवारी होतो! सिनेमाचं तिकीट होतं काय ते?

चिठ्ठी मला सापडली, तुमच्या क्लासच्या फाइलमध्ये. त्याच पेपरच्या नोट्समध्ये घडी घालून ठेवली होती. लाज नाही वाटली? मंगळवार ते रविवार तुम्ही माझ्यासमोर जेवलात, पेपर वाचलात, छाती चोळताना मी विचारलं तर "गॅस झालाय" म्हणालात. ओवा मागून घेतलात! गुरुवारी सिलिंडर आला तो तुम्ही उचलून आत नेलात. मी सांगितलं म्हणून. मी सांगितलं हो! कमरेत उसण भरली होती माझ्या, तुम्हाला म्हटलं, तेवढा आत ठेवा. आणि तुम्ही ठेवलात. एकदा तरी म्हणायचंत, आज नको गं. माझ्या तोंडाने मी तुम्हाला काय उचलायला लावलं, हे घेऊन मला आता जन्म काढायचाय. त्याचा विचार केला होतात?

तुमच्या आईला गावी फोन करून विचारलं, दुखणंखुपणं कधी सांगायचे का, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "माझो झील पयल्यापासून तसोच गो. पायात काटो मोडलो तरी सांगूचो नाय." त्यांना चिठ्ठीचं सांगायचं माझं धाडस झालं नाही. लेकीलाही नाही सांगितलं. क्लासची पोरं अजून दर रविवारी येऊन एकमेकांना शिकवतात, त्यांना तर नाहीच. नवऱ्याची अब्रू झाकून बसले. ही माझी चूक, आणि ती आज सकाळी माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

माने बोरिवलीहून हँगरच्या शिफ्टला जाताना वाटेत आला. कसा दिसत होता म्हणता! डोळे लाल, ओठ सुकलेले, दाराची चौकट धरून उभा. तीन दिवस ताप अंगावर काढतोय. हातात तुमचा मोठा फोटो, फ्रेम करून आणलेला, खाली सोनेरी अक्षरात 'कर्तव्यावर असताना'. उद्या क्लासच्या भिंतीवर लावू म्हणाला. मी म्हटलं, "अरे, फोटो राहू दे, तू घरी जाऊन झोप आधी." तर हसून म्हणतो कसा, "काल जरा घोळच झाला वहिनी. एक पाना सापडेना. इंजिनात राहिला की काय म्हणून सगळे अर्धा तास शोधत होते. माझ्याच खिशात निघाला."

म्हटलं, "माने, सरांनी काय शिकवलं होतं? सांग साहेबांना." तो म्हणाला, "शिकवलं होतं वहिनी. पण त्या रविवारी दरदरून घाम फुटला होता, तरी सर स्वतः कुठे थांबले?"

एवढं बोलून जिना उतरला. ऐकलंत? दहा वर्षं घसा फोडून शिकवलंत ते गेलं पाण्यात. पोरांनी उचललं ते तुमचं मरण.

पोस्टात जाऊन बसले, पण काउंटरवर लक्ष लागेना. अकरा वाजता बाहेर येऊन मानेच्या बायकोला फोन केला आणि सगळं सांगून टाकलं. मंगळवार, ईसीजी, चिठ्ठी, सगळं. पहिल्यांदाच तोंडातून बाहेर काढलं. ती घाबरून म्हणाली, "ठेवते वहिनी, ह्यांना लावते." दहा मिनिटांत मानेचा फोन. "वहिनी, हे खरं आहे?" म्हटलं, खरं आहे, चिठ्ठी माझ्याकडे आहे. म्हणाला, "सर असं करतील वाटलं नव्हतं," आणि फोन कट केला.

हे लिहिता लिहिता पुन्हा तिचा फोन आला. साहेबांना सांगून माने घरी आलाय. गोळी घेऊन भिंतीकडे तोंड करून झोपलाय. तुमचा सगळ्यात लाडका माणूस आज तुमच्यावर चिडून झोपलाय, आणि मला बरं वाटतंय. खोटं कशाला बोलू?

मला का नाही सांगितलंत? मी ओरडेन म्हणून? हो, ओरडले असते! अख्ख्या सेक्टरला ऐकू जाईल एवढं ओरडले असते, आणि रिक्षात कोंबून नेलं असतं. बायको कशाला केली होतीत मग?

ऐका, शब्द देते. उद्या रविवार, नऊला बेल वाजली की पोह्यांच्या आधी ती चिठ्ठी टेबलावर ठेवणार आणि वाचून दाखवणार. तुमचं नाव खाली आलं तर येऊ दे, ते सावरायला तुम्ही थांबला नाहीत. क्लास बंद होणार नाही, माने बरा झाला की तो शिकवेल. पण ती सोनेरी अक्षरं या घरात लागणार नाहीत. त्या सगळ्यांना मला हुतात्म्याची बायको करायचंय. मला नाही व्हायचं. मला हॉस्पिटलात तुमच्यासाठी मऊ भाताचा डबा घेऊन यायचं होतं, आणि तुम्ही मीठ कमी आहे म्हणून माझ्यावर चिडायला हवं होतं.

तुमच्यावर भडकलेली,
सुनंदा