सीटच्या दोन खाचा

ता. १४, मंगळवार, दुपार

चि. बारक्यास,

अनेक आशीर्वाद. मोठ्या बहिणीने पत्राच्या सुरुवातीला ते द्यायचे असतात म्हणून दिले, मनापासून आहेत असं समजू नकोस. इकडे सगळं ठीक. अप्पांचं शिलाईचं दुकान मी रेटते आहे. मशीन कुरकुरतं आणि माझा गुडघा त्याला साथ देतो. तुझ्या बायकोला मी आठवण काढल्याचं सांग. तिच्याशी माझं काही भांडण नाही.

तुझं पाकीट मिळालं. अप्पांची गाडी विकायच्या कागदावर माझी सही हवी, आणि जाहिरातीचा मजकूर ‘जरा नजरेखालून घाल’ म्हणतोस. घातला. चारदा घातला. पहिल्यांदा हसू आलं, चौथ्यांदा तळपायाची आग मस्तकात गेली.

‘दोन दारांची छोटी स्पोर्टी गाडी. नवे रुंद टायर, नव्या कडक स्प्रिंगा, ताकद अमुक, वेग तमुक.’ अरे शहाण्या, ही गाडी आकड्यांवर विकायची? आकड्यांत तर तुझं ते ऑफिसने दिलेलं धूड तिला केव्हाच मागे टाकेल. सरळ, रिकामा, मैलभर रस्ता मिळाला तर. तसा रस्ता कुणाच्या दारात असतो? आपल्या दारात खड्डे, शाळा, दूधकेंद्र आणि पाण्याच्या टाकीभोवतीची वळणं आहेत. गंमत तिथेच यायला हवी.

अप्पा शिंपी होते, त्यांनी एका वाक्यात सांगितलं होतं. गाडी मापाची हवी. ढगळ सदऱ्यात आपला हात कुठवर गेला ते कळत नाही, अंगाबरोबर शिवलेल्यात कळतं. या गाडीत बसलं की बूड रस्त्यापासून वीतभर वर, म्हणून चाळीसचा वेग ऐंशीसारखा वाटतो. गाडी अरुंद, म्हणून आपल्याच बाजूला हातभर जागा उरते आणि वळणाची रेघ आपल्या मनासारखी आखता येते. इंजिन लहान, म्हणून दुसऱ्या गिअरमध्ये त्याला अगदी शेवटपर्यंत ओरडू द्यावं, तरी चौकातला पोलीस मान वर करत नाही. आणि ते जुने बारीक टायर! पकड सुटायच्या आधी स्टिअरिंग तळहातात हलकं व्हायचं, गाडी आधी विचारायची आणि मगच घसरायची. दूधकेंद्र सात मिनिटांवर आहे. अप्पा टाकीवरून वळसा घालून अकरा मिनिटांनी पोचायचे, कारण तिकडून चार वळणं जास्त मिळायची. दूध नको असलं तरी जायचे.

तू मागच्या महिन्यात गाडी नेलीस आणि तिला ते पाटासारखे टायर चढवलेस. नाकापेक्षा मोती जड. आता ती टाकीच्या वळणावर हूं की चूं करणार नाही. तुला वाटतं तू तिची किंमत वाढवलीस. गाढवाला गुळाची चव काय!

हे सगळं एक वेळ मी गिळलं असतं. पण जाहिरातीची शेवटची ओळ: ‘वयोवृद्ध मालकाच्या चुकीने एकदा किरकोळ धडक, दुरुस्ती केलेली.’

ही ओळ छापायची नाही. ऐकतोस ना? छापलीस तर सही मिळणार नाही, आणि या घराचा उंबराही चढू नकोस.

विमा कंपनीत वीस वर्षं लोकांच्या ठोकलेल्या गाड्या तपासतोस. कोण खरं बोलतो, कोण खोटं, हे पत्र्याच्या पोच्यावरून ओळखतो म्हणून मिरवतोस. धडक झाली त्या दिवशी आलास, डावं दार पाहिलंस, टाकीची भिंत पाहिलीस, आणि दहा मिनिटांत स्वतःच्या बापाचा निकाल लावलास. ‘अप्पा, वय झालं. आता पुरे.’ किल्ली खिशात घातलीस ती घातलीस. दोन वर्षं ते तुला फोनवर विचारायचे, ‘बारक्या, किल्ली देतोस का रे? बाहेर काढत नाही, नुसतं इंजिन चालू ठेवतो.’ तू हसण्यावारी न्यायचास. मग ते रविवारी गाडी पुसायचे, आत बसायचे, आणि बंद गाडीचे गिअर बदलायचे. पहिला, दुसरा, तिसरा, परत दुसरा. मला दुकानात ऐकू यायचं. मी काजं करत बसायचे आणि तुला शिव्या द्यायचे.

तुला म्हणजे तुलाच. ते होते ती दोन वर्षं तुला, आणि ते गेल्यावरची दोन वर्षंही तुलाच. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

बारक्या, अप्पा सहा फूट उंच. मी त्यांच्या खांद्याला लागत नाही. त्या दिवशी स्टिअरिंगमागची सीट दोन खाचा पुढे होती.

अप्पा बाजूला बसले होते. मी खुशीत होते, गाणंही म्हणत होते बहुतेक. टाकीच्या वळणावर समोरून टेम्पो आला. तो त्याच्या बाजूनेच होता, जागा भरपूर होती, पण मी घाबरले आणि पाय उचलला. अप्पा शंभरदा बजावायचे, ‘वळणात ॲक्सिलरेटरवरून पाय उचलायचा नाही, एवढ्या हलक्या गाडीचं मागचं बूड गरकन फिरतं.’ फिरलं. डावं दार भिंतीला घासत गेलं. ते दार त्यांच्या बाजूचं होतं.

‘लागलं का गं?’ एवढंच विचारलं. मला खाली उतरवलं. पोचा पाहिला. मग वाकून सीटची दांडी ओढली, सीट दोन खाचा मागे सरकवली आणि स्वतः बसून पाहिलं, गिऱ्हाइकाच्या अंगावर कोट बसतो का पाहावं तसं. ‘बारक्या तुला परत स्टिअरिंगला हात लावू देणार नाही,’ म्हणाले. ‘मला काय, दोन शब्द बोलेल आणि सोडून देईल.’

तू सोडलं नाहीस. आणि तू किल्ली खिशात घालत होतास तेव्हा मी तुझ्यासाठी चहा गाळत होते. चार पावलांवर. एक वाक्य बोलायचं होतं. तिथेही मी पाय उचलला.

त्यानंतर मीही गाडी चालवली नाही. म्हणजे त्यांनी जे वाचवलं तेही मी वाया घालवलं. तुझा राग येतो तो खोटा नाही, तू बघायला हवं होतंस, तुझं कामच ते आहे. पण रागातला मोठा वाटा माझा मलाच हवा होता, आणि तो मी चार वर्षं तुझ्या अंगावर टाकत आले. आता तू मला काय बोलायचं ते बोल. मी ऐकून घेईन. उलट उत्तर देणार नाही असं मात्र नाही.

जाहिरातीत असं लिही: ‘मालकाच्या मुलीच्या चुकीने एकदा धडक. मालकाचा हात शेवटपर्यंत पक्का.’ या ओळीसकट विकायची असेल तर सही करते.

पण आधी ते पाटासारखे टायर काढ, जुने चढव, आणि रविवारी सकाळी गाडी इथे घेऊन ये. दूध आणायला जाऊ, टाकीवरून. तू बाजूला बसायचंस आणि तोंड बंद ठेवायचंस. दारात उतरलास की सीट तुझ्या मापाची सोडून येऊ नकोस. दांडी ओढ आणि दोन खाचा पुढे कर.

त्या दिवशी गाडी चालवणारी,
तुझी ताई