उलट्या आट्यांचा व्हाइस

प्रिय आत्या,

आधी काय झालं ते क्रमाने.

१. आपलं वर्कशॉप नव्या जागेत हलवलं.
२. कोपऱ्यातला, लोखंड जबड्यात पकडून ठेवायचा जुना व्हाइस बाबांनी मी शिकवते त्या प्रशिक्षण केंद्राला दिला.
३. केंद्राने विचारलं, हा बनवला कुणी? तसं पाटीवर लिहायचं आहे.
४. बाबांनी आजोबांचं नाव सांगितलं.
५. मी व्हाइस खोलला. ते नाव चुकीचं आहे.

तो व्हाइस तुला आठवत असेलच. दांडा नेहमीच्या दिशेने फिरवला की आवळण्याऐवजी सैल होतो. कारागीर त्याला उलट्या काळजाचा म्हणतात. नव्या माणसाच्या पायावर त्याने एकदा तरी जबड्यात धरलेला जॉब टाकलेला आहे. बाबा इतकी वर्षं त्याच्यावर काम करतात, तरी पहिला फेरा अजून चुकतोच आणि मग त्यालाच शिव्या देतात. लेथला गिअर चुकीचा लागला म्हणून आटे उलटे पडले, असं आजोबा सांगायचे. मला ते कधी पटलं नाही. स्क्रू चुकून उलटा होईल. पण त्याच्या आतल्या नटाचे आटेही उलटेच आहेत. नेमकी तीच चूक कुणी दोनदा करत नाही. ते मुद्दाम केलेलं आहे.

मी लहान असताना वर्कशॉपमधली प्रत्येक वस्तू माझ्याशी भांडायची, हा एक सोडून. मी डावखुरी, म्हणून मला तो सोपा जायचा. तेव्हा मी त्यावर विचार केला नाही. तू शेवटची आलीस त्या दिवसाचाही केला नाही. बाबांशी जेमतेम दोन वाक्यं बोलून तू निघालीस, आणि जाताजाता त्या व्हाइसचा उघडा राहिलेला जबडा डाव्या हाताने बंद केलास. न बघता, पहिल्याच फेऱ्यात बरोबर दिशेने.

पण आठवण हा पुरावा नाही. म्हणून मी जबड्यांवरच्या पोलादी पट्ट्या काढल्या. त्यांच्या मागे कानशीच्या मूळच्या रेघा जशाच्या तशा आहेत, कारण तिथे नंतर कुणाचा हात पोचलाच नाही. लोखंडाचा एक तुकडा मी घासला, एक बाबांना घासायला दिला. दोन्ही जबड्याशेजारी ठेवले. बाबांच्या रेघा एका बाजूला कललेल्या, माझ्या दुसऱ्या. जबड्यावरच्या माझ्यासारख्या.

बाबांनी कानशीचं टोक जबड्यावरच्या रेघांवरून फिरवलं. मग कानस खाली ठेवून म्हणाले, "तायडीचा हात आहे तो. मला काय माहीत नव्हतं होय?" पुढे म्हणाले, मुलीने केलेला म्हटलं तर गिऱ्हाइकं हसतील, म्हणून आजोबा स्वतःचं नाव सांगायचे, आणि वर्कशॉप आपल्याला मिळालं, तसं 'व्हाइस आजोबांनी केला' हे वाक्यही मिळालं. मी म्हटलं, हे तुम्हीच तिला लिहा. तर म्हणाले, "माझं अक्षर दिसलं की न वाचता फाडेल ती. तू लिही. तुझ्यावर तिचा राग नाही."

असेल तर तसं कळव. मला गोड बोलता येत नाही, हे तुला माहीत आहे. तुमच्या दोघांमध्ये आणखी काय झालं ते मी विचारत नाही. पण व्हाइस आता केंद्रातल्या पहिल्या बाकावर बसवला आहे. पाटीसाठी पितळेची पट्टी बाबांनी स्वतः घासून चकचकीत केली. 'बनवणार' एवढं कोरलं आणि थांबले. 'बनवणारा' की 'बनवणारी' हे तू सांगितल्याशिवाय ते पुढचा काना किंवा वेलांटी कोरणार नाहीत. पाटी वीस तारखेला लागेल. त्या दिवशी तो पहिल्यांदा तू आवळावास, असं मला वाटतं. बाबांनाही वाटतं, ते म्हणणार नाहीत.

नाव माहेरचं घालू की सासरचं, आणि तू येतेस का, एवढंच पंधरा तारखेपर्यंत कळव.

तुझीच,
डावखुरी भाची