भावाचा जबाब

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमचं नाव काढलं तर निम्मे लोक 'कोण त्या?' म्हणतात. आपलं गाव तरी कुठं राहिलं म्हणा. ते गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलं आणि आम्ही आसगावकडं, पुनर्वसनाच्या सरळ रेषेतल्या घरांत आलो. धान रोवायची यंत्रं भाड्यानं देतो मी. लांबून आवाज ऐकून कुठलं बेरिंग जाणार ते सांगतो. लोक हसतात, पण बोलावतात.

अजून डोळ्यांपुढं आहे: मी सातवीत आहे आणि तुम्ही वर्गात स्कॉटलंडातल्या त्या कवयित्रीची गोष्ट सांगताय. शंभर वर्षांपूर्वीची बाई. लग्न केलं नाही, आजारी आईची उस्तवार करत राहिली, आणि चुलीपाशी बोलायची त्याच बोलीत कविता केल्या. शहाणे म्हणायचे, चांगल्या इंग्रजीत लिही. तिनं ऐकलं नाही. मी मागच्या बाकावरून विचारलं, "मंग तिले हासत नसतीन काय लोकं?" तुम्ही म्हणालात, "हसत असतील. मी तुला हसले का?" तुमचीही आई घरी अंथरुणावर होती, हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं.

त्याच पावसाळ्यात तुम्ही तिची एक कविता आपल्या बोलीत आणलीत. लढाईतून न परतलेल्या भावाला बहीण किनाऱ्यावरून हाका मारते. रोवण्याच्या बायांना ती ऐकवायला तुम्ही चपला हातात घेऊन दोन बांध्यांमधल्या अरुंद धुऱ्यावरून घसरत आलात. माझी आई वाकल्या वाकल्याच म्हणाली, "समुद्र कोनं पायला, बाई? वैनगंगा घाला." दुसरी म्हणाली, "अन् भाऊ काही बोलतच नाही? मुका हाये काय?"

आठ दिवसांत कविता बायांची झाली. धानाच्या बांधीतल्या एका आंगच्या बाया बहिणीची हाक टाकत, दुसऱ्या आंगच्या भावाचा जबाब देत. तो जबाब ना त्या कवयित्रीनं लिहिला होता, ना तुम्ही. चिखलात उभं राहून बायांनीच रचला. तुम्ही धुऱ्यावर बसून रडलात. लिहून घेऊ म्हणालात, पण बाया तो रोज बदलायच्या. शेवटी मला म्हणालात, "तुझ्या कानात आहे ना? मग झालं."

पुढं यंत्रं मीच आणली. बायांच्या कमरा वाकण्यातून सुटल्या, त्यांनी आशीर्वादच दिले. त्यांचं गाणं थांबलं हे मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही.

गेल्या रोवण्यात त्यांतली एकच म्हातारी उरली होती. तिच्या दारी गेलो, ते गाणं म्हण म्हणालो. म्हणाली, "खाटेवर बसून नाही येत रे बाबू. हात चिखलात असले का तोंडात येते." मग एक बांधी तिच्यासाठी यंत्राविना ठेवली. नातसुनेनं हात धरून उतरवलं. म्हातारी वाकली, रोपांचे चार चुडे रोवले आणि हाक टाकली. अगदी तशीच, बाई! वैनगंगेसकट. मग थांबली. समोर पाहत राहिली.

"जबाब देनाऱ्या कुठी हायेत?"

"मावशी, तूच दे ना."

"मी हाकेच्या आंगची. जबाब मले कवा पाठ होता?"

शेजारच्या बांधीत माझंच यंत्र चाललं होतं. नातसून म्हणाली, "चला आजी, पाय गारठतीन." चाल माझ्या कानात स्वच्छ वाजत होती, शब्द एकही नाही. आता तो जबाब या पृथ्वीवर कुणालाच येत नाही.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू? पण एक सांगायचं राहिलंय. दवाखान्यात, शेवटच्या आठवड्यात, तुम्ही माझा हात धरून विचारलंत, "भाऊ काय म्हणतो रे शेवटी?" मी लगेच म्हणालो, "येतो म्हनते, बाई. पानी उतरलं का येतो." तुम्ही डोळे मिटून ते दोनदा म्हटलंत. ती ओळ बायांची नव्हती. मला तेव्हाच आठवत नव्हतं.