आरोहीच्या प्रबंधाची डिस्क

आरोही,

तुझा कॉम्प्युटर सकाळी सुरूच होईना, म्हणून त्यातली हार्डडिस्क काढून मी बाबांच्या कॉम्प्युटरला लावली. आता तो सुरू होताना अर्ध्यावर थांबून 'व्हॉल्यूम ग्रुप सापडत नाही' म्हणतो, म्हणजे डिस्कवरचं काही त्याला दिसत नसावं. घाबरून मी एकदा एंटर दाबलं. त्यानं तुझा तीन वर्षांचा प्रबंध पुसला गेला असेल का, मला कळत नाही. दुसरी कॉपी नाही, हे तूच सांगितलं होतंस.

"आई, काऊन हात लावला?" असं म्हणशीलच. आज माझं मौन आहे, दिवस मावळेपर्यंत फोनवर कुणाला विचारताही येत नाही. म्हणून सगळं कागदावर लिहून धाड गावातल्या कॉम्प्युटरवाल्या दीपकभाऊंकडे जाते आहे.

नवीन सिस्टीम टाकायला जाऊ नकोस, त्यानं डिस्कवरचं सगळंच पुसलं जाईल. रागवायचं तेवढं माझ्यावर रागव, बेटा, पण दीपकभाऊ येईपर्यंत काहीही दाबू नकोस.

आई