त्याची डावी बाजू

४ जानेवारी

बिजलीला पुन्हा रिंगणात उतरायचंय! वय वर्षं छप्पन्न. आणि समोर कोण हवं? मी!

आयोजक जिममध्ये आला होता, वजन उतरवायला येणाऱ्यांचा माझा तास चालू असताना. म्हणाला, "आमच्या मनात एक तरुण बॉक्सर होता हो, पण साहेब अडूनच बसले. भिंतच हवी म्हणाले." भिंत म्हणजे मी. पेपरवाल्यांनी तेव्हा ठेवलेली नावं — तो बिजली, मी भिंत. भिंतीचं काम मार खायचं.

तीनदा लढलो, तीनदा हरलो. म्हणूनच मी हवा. हमखास हरणारा, खात्रीचा माल.

नाही म्हणून सांगितलं. तोंडावर.

५ जानेवारी

हो म्हणालो.

११ जानेवारी

बायको बोलत नाही. बोलली ती एवढंच — "नातवंडं खेळवायच्या वयात ही काय थेरं!" मग मुलीला फोन लावून माझ्या हातात दिला. मी म्हटलं, अगं, नुसता प्रदर्शनाचा सामना आहे, तीन फेऱ्या, खेळीमेळीत. ती म्हणाली, "बाबा, मग लोक तिकीट कशाला काढतील?"

कुणीतरी पडेल म्हणूनच लोक तिकीट काढतात. तेव्हाही काढायचे. आणि आम्हाला 'दिग्गज' म्हणतात! दिग्गज म्हणजे काय, तर ज्याची हाडं मोडताना बघायला जास्त मजा येते तो.

२० जानेवारी

आज पत्रकारांपुढे दोघांना नाकाला नाक लावून उभं केलं. त्याच्या तोंडाला औषधाचा वास, माझ्या गुडघ्यांना मलमाचा. एकमेकांकडे खाऊ की गिळू असं बघायचं होतं. मला जांभई आली.

मग चहा. चहा देणाऱ्या बाईंनी कप त्याच्या डाव्या बाजूने पुढे केला. त्याने घेतलाच नाही. त्या तशाच उभ्या. शेवटी त्याने अख्खी मान वळवली, मग दचकून कप घेतला. सगळे हसले — साहेब विचारात आहेत!

मी हसलो नाही.

२८ जानेवारी

दोघांची तपासणी. डॉक्टर घाईत. त्याचा उजवा डोळा झाकून डाव्याने तक्ता वाचायला लावला. पठ्ठ्याने पाढे म्हणावेत तसा घडाघडा म्हटला. डॉक्टरांची पट्टी चौथ्या ओळीवर, आणि हा पाचवीवर पोचलासुद्धा! डॉक्टर म्हणाले, "वा! तरुणांना लाजवाल." आणि पास.

तक्ता पाठ करून जायची आम्हा बॉक्सर लोकांची जुनी खोड. मार खाऊन डोळे सुजलेले असायचे, तरी सामना सुटता कामा नये. तेव्हा सूज उतरायची. याचा डोळा कायमचा गेलाय.

२९ जानेवारी

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मग डॉक्टरांना सांगून टाका. एवढा कसला विचार करताय?"

सांगितलं तर सामना रद्द. लोक म्हणणार, भिंत घाबरली, म्हणून चुगली केली. आणि खरं लिहायचं तर — इथे कोण वाचतंय! — सामना रद्द झाला तर मी तीनदा हरलेला म्हणूनच मरणार.

म्हणून तोड काढली. माझा उजवा हात त्याच्या डाव्या बाजूला जातो. तो हात चालवायचाच नाही. फक्त डाव्यावर लढायचं. जिंकलो तर तसं, हरलो तर तसं.

बायको म्हणाली, "छान! म्हणजे पापही नको आणि सामनाही सुटायला नको."

राग आला. बरोबर बोलली की येतोच.

७ फेब्रुवारी

उजवा हात कंबरपट्ट्याला बांधून सराव. या वयात मला धड तेवढाच हात उरलाय, आणि तोच बांधून ठेवतोय! कुणासाठी? ज्याने मला तीनदा लोळवलं त्याच्यासाठी. दानशूरच लागून गेलो!

१४ फेब्रुवारी

उद्या सामना. वजनं झाली. जाताना बिजलीने माझ्या गालावर थोपटलं. "सांभाळून घे रे."

टोमणे मारायची सवय काही जात नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही.

१५ फेब्रुवारी

जिंकलो.

१६ फेब्रुवारी

काल लिहवेना. आज लिहितो.

पहिली फेरी नुसत्या डाव्या हाताने काढली. त्याचे पाय गेलेत, माझेही. मागून कुणीतरी ओरडलं, "आजोबा, गोळ्या घेतल्या का?" सगळं सभागृह हसलं. पहिल्या रांगेत बायको मांडीवर पर्स घट्ट धरून बसली होती.

दुसऱ्या फेरीत तो हसायला लागला. आम्ही एकमेकांना धरून धापा टाकत होतो, तेव्हा कानाशी म्हणाला, "भिंत अजून उभी आहे रे!" आणि डावीकडचा हात खाली सोडून दिला. घरच्या अंगणात फिरावं तसा मोकळा फिरत होता. मला वाटलं, मला मोजतच नाही हा. याही वेळी नाही.

उजवा हात सुटला.

नाही. मी सोडला.

त्याने मान वाकवली नाही, पापणीसुद्धा मिटली नाही. ठोसा येताना दिसलाच नाही त्याला. सरळ आडवा झाला. लोक उभे राहून ओरडत होते. माझा हात वर धरला होता. तोच हात. बायको तोवर निघून गेली होती.

१७ फेब्रुवारी

पेपरात फोटो. 'भिंत कोसळली बिजलीवर!' जिममधल्यांनी हार आणला. घातला नाही.

१९ फेब्रुवारी

दवाखान्यात जाऊन आलो. तो औषधाच्या गुंगीत होता, डाव्या डोळ्यावर पट्टी. त्या डोळ्याने थोडा उजेड तरी कळायचा, आता तोही नाही. त्याची बायको मला ओरडली नाही, शिवी दिली नाही. खुर्ची पुढे सरकवली. मग सावकाश म्हणाली —

"ते लोक तरुण मुलगा देत होते, भाऊजी. यांनीच हट्टाने तुमचं नाव घेतलं. म्हणाले, माझा डोळा त्याच्यापासून लपणार नाही. आणि एकदा कळलं, की तो काही त्या बाजूला मारायचा नाही."