ग्लासात उरलेलं

३ मार्च

बाजरीची बिअर फसली! हिने ग्लास नाकाशी नेला आणि तसाच खाली ठेवला. "पोतं भिजवलंस का रे?" आणि हसली. हसता हसता खोकला आला, मग मीच ओशाळलो.

पोतं कशाला भिजवू? बाजरी भिजवली, मोड आणले, वाळवली, भाजली, भरडली, उकळली. जवाच्या बिअरला जे जे करत आलो ते सगळं केलं. पण बाजरी म्हणजे जव नव्हे, माझं काही ऐकत नाही.

जव आता घरात येत नाही. गहूही नाही. दोन्हीतलं ग्लुटेन हिच्या आतड्याला सोसत नाही, हे कळायला फार उशीर झाला. इतकी वर्षं ब्रुअरीत चव घ्यायच्या टेबलावर ही बसायची. रोज घोट घोट जवाची बिअर पोटात जात होती आणि पोट दुखलं की आम्ही म्हणायचो, पित्त झालं. पित्त! आता आतड्यात गाठ आहे आणि डॉक्टर बोलताना खिडकीबाहेर बघतात. ज्या धान्याने आम्हाला पोसलं त्यानेच हिला आतून पोखरलं. चिडायचं तरी कुणावर?

मागच्या महिन्यात म्हणाली, "एकदा बिअर प्यायचीय. खरी. तुझ्या हातची." डॉक्टरांना विचारलं. "घेऊ द्या की थोडी," म्हणाले. ज्या सुरात म्हणाले, तो सूर मला आवडला नाही.

तेव्हापासून स्वयंपाकघराची ब्रुअरी झाली आहे. कामावरच्या ब्रुअरीत करता येत नाही, तिथे हवेतसुद्धा जवाची धूळ.

२४ मार्च

तांदळाची. "पाण्याला फेस आणलास. शाब्बास." ग्लास काठोकाठ भरलेला परत.

२५ मार्च

टेबलावरचा आमचा जुना नियम घरीही चालू आहे. ग्लास ठेवायचा आणि खोलीतून निघून जायचं. कशी वाटली म्हणून विचारायचं नाही. माणसं तोंडदेखलं बोलतात. थोड्या वेळाने यायचं आणि ग्लासात किती उरलं ते बघायचं. बोलता बोलता, नकळत रिकामा झाला तर बिअर जमली. उरली तर कुठेतरी चुकलं, मग कितीही वाहवा होवो.

नियम हिचाच. मी नवा होतो तेव्हा माझ्या पहिल्या बिअरची सगळ्यांनी तारीफ केली. हिचा ग्लास तसाच्या तसा. मी रागाने विचारलं, तर म्हणाली, "ग्लास बघितलास ना? मग मला कशाला विचारतोस?" त्याच वर्षी आम्ही लग्न केलं. दुसरं काय करणार होतो!

२ एप्रिल

ताई आली. हिची थोरली बहीण. आता इथेच राहणार म्हणे. आल्या आल्या नाकाला पदर. "जावईबापू, घरातसुद्धा तुमचा तो फेस? आजारी माणूस आहे घरात!" उभ्या आयुष्यात दारूच्या थेंबाला शिवली नाही ती. आमच्या लग्नात मी मागवलेल्या पिंपाकडे पाठ करून जेवली होती. माझ्या कामाबद्दल कुणी विचारलं, तर "खाण्यापिण्याच्या धंद्यात आहेत" म्हणून मोकळी होते.

पण हिला उठवून बसवणं, केस विंचरणं, चादर बदलणं ताईच करू जाणे. मी नुसता मध्ये मध्ये करतो.

१६ एप्रिल

गाढवपणा केला! ज्वारीची बिअर छान आंबत होती. आज सकाळी लक्षात आलं, त्यात यीस्ट टाकलं ते ब्रुअरीतल्या टाकीच्या तळातलं. जवाच्या टाकीतलं! हात सवयीने गेला. आधीच्या टाकीतलं यीस्ट पुढच्या टाकीला, आयुष्यभर हेच केलं. बाजारातलं पाकीट फोडायचं म्हणजे आम्हाला कमीपणा वाटतो. सगळं मोरीत ओतलं. हिला दिली असती तर?

हिला सांगितलं. म्हणाली, "पाकीट आण गुपचूप. मी कुणाला सांगणार नाही."

९ मे

ग्लास रिकामा! रिकामा!!

पुन्हा केलेली ज्वारीची. पाकिटातलं यीस्ट. मी ग्लास ठेवून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. परत आलो तर तळाला नुसता फेस. ही उशीला टेकून शांत बसलेली. ताई कोपऱ्यात चादरीची घडी घालत होती.

"शेवटी जिभेवर आंबट राहतं जरा," ही म्हणाली. राहू दे! ग्लास तर रिकामा आहे! मी ताईला म्हटलं, "बघितलंत?" ताईची घडी चुकली होती, ती परत घालत बसली. चेहरा लाल झाला होता. उकाडा फार आहे म्हणाली.

१० मे

ब्रुअरीत सगळ्यांना सांगितलं. भागीदार म्हणाला, ज्वारीची बिअर विकायला काढू. म्हटलं, ही विकायची नाही.

२१ मे

नाचणीची. दाट, काळसर. मला स्वतःला फारशी आवडली नाही. ग्लास रिकामा. "भाजलंस जास्त," एवढंच बोलली. रिकामा करून वर नावं ठेवते! पूर्वी असं नव्हतं. पण मी कशाला वाद घालू?

संध्याकाळी ताई स्वयंपाकघरात गुणगुणत होती. भाजीत मीठ दोनदा पडलं. मी मुकाट्याने खाल्लं. बहिणीला काहीतरी गोड लागतंय म्हणून खूश असेल बिचारी.

३० मे

वजन आणखी उतरलं. मला कळत नाही, ग्लास रिकामे होतात आणि ही मात्र वाळत चालली आहे. सूपसुद्धा पोटात ठरत नाही. डॉक्टर आता घरी येतात, थोडा वेळ बसतात, वेदनेचं औषध वाढवून जातात. दारात मला म्हणाले, "तुम्ही करताय ते करत राहा." काय करतोय मी? दाणे भिजवतोय.

रात्री फार रडू आलं. नळ सोडून रडलो, म्हणजे आत ऐकू जाऊ नये.

४ जून

आज बऱ्यापैकी जाग होती. मला जवळ बसवून कामाचं बोलली. डोळे मिटून, अगदी टेबलावर बोलायची तशी. "ज्वारी अर्धी ठेव. अर्धा कुट्टू घाल. कुट्टू भाज, पण थोडाच, वास सुटला की उतरव. कडूपणा कमी कर. आणि घाई करू नकोस."

घाई करू नकोस! मी हो म्हटलं.

हात हातात होता. किती हलका झालाय.

५ जून

कुट्टू, उत्तरेकडे उपवासाला खातात तो तिकोनी दाणा, आणून भाजला. वास सुटताच उतरवला. ताई दारात उभी राहून बघत होती. "हे शेवटचं का?" म्हणाली. मी म्हटलं, असं बोलू नका. ती म्हणाली, "तसं नाही हो. मला विचारायचं होतं, एवढंच." आणि डोळ्याला पदर लावून आत गेली.

२७ जून

आज दिली. रंग सुरेख आला होता, फेस टिकला होता. मी चाखली तेव्हा माझंच मन भरून आलं. वाटलं, हीच! आयुष्यात यापेक्षा चांगली मी केलेली नाही. ग्लास हिच्या हातात दिला, बोटं नीट धरवली आणि बाहेर आलो. ताईसुद्धा मागोमाग बाहेर आली आणि जिन्यावर जाऊन बसली.

थांबलो. खूप थांबलो. दुपार कलली. आत गेलो तर हिला झोप लागली होती. ग्लास मांडीवर, दोन्ही हातांत.

अर्धा भरलेला.

नाचणीचा रिकामा केला होता हिने. त्या आंबट ज्वारीचा रिकामा केला होता. आणि हिने स्वतः सांगितलेली, माझ्या हातची सगळ्यात चांगली—ती उरली. मी ग्लास हळूच सोडवून घेतला. जाग आली. माझ्याकडे बघून हसली, काहीतरी म्हणाली, पण आवाज फुटला नाही. मी नियम पाळला. विचारलं नाही.

२८ जून

पिंप मोरीत ओतलं. सगळं. चुकलेली बिअर ठेवायची नसते.

१ जुलै

सकाळी गेली. ताई आणि मी दोघे होतो.

१३ जुलै

माणसं येऊन गेली. घर रिकामं. भांडी घासून माळ्यावर टाकली. भागीदार येऊन म्हणाला, कामावर ये, मन रमेल. जाईन. टेबलापाशी जाववणार नाही.

एकच गोष्ट टोचत राहते. एवढंसं मागितलं होतं तिने. एक ग्लास. तेवढंही मला धड जमलं नाही.

१५ जुलै

ताई आज घरी गेली. बॅग उचलली, परत खाली ठेवली. म्हणाली, "एक सांगते, रागावू नका. ते रिकामे झालेले ग्लास मी प्यायले. तिच्या पोटात काही ठरत नव्हतं. नुसती जीभ बुडवायची आणि मला म्हणायची, ताई, तो बाहेर उभा आहे, संपव. नाक दाबून संपवायचे हो मी."

मग म्हणाली, "शेवटचा तेवढा तिने मला दिला नाही. मी हात पुढे केला तर छातीशी धरला. म्हणाली, तू बाहेर जा. हा माझा आहे. मी जिन्यावरून डोकावत होते ना! दुपारभर पीत होती. घोट घोट."