केळ्यापासून आगगाडीपर्यंत

८ फेब्रुवारी १९८८, निंभोरा

डॉक्टरांकडून आणलेल्या जुन्या एक्स-रेच्या अठरा फिल्मा गरम पाण्यात, धुण्याच्या सोड्यात भिजवल्या. काथ्याने घासलं की काळं सगळं सुटतं, स्वच्छ पारदर्शक प्लास्टिक उरतं. हे मला कोणी शिकवलेलं नाही. बायको म्हणाली, "बोर्ड रंगवायचे सोडून लोकांच्या बरगड्या धुताय मोरीत."

बालवाडीच्या पुष्पाबाईंचं काम आहे. एकतीस पोरं, वह्या आठ दिवसांत फाटतात. "नाना, पोरांनी गिरवावं, पुसावं, परत गिरवावं, असं काहीतरी करून द्या." करीन म्हणालो. आणि करीन ते मापातच.

१३ फेब्रुवारी

चित्रावर फिल्म, फिल्मवर तेलखडू. कोरड्या चिंधीने पुसलं तर फराटे राहतात. पाण्याने जात नाही. चिंधीला थेंबभर खोबरेल लावलं, वरून कोरडं फडकं फिरवलं – डाग नाही! चाळीस वेळा गिरवून-पुसून बघितलं.

२८ फेब्रुवारी

गिरवायच्या पानांची फाईल पुरी झाली. पानं चिकटवली नाहीत. भोकांना पितळी रिंगा, त्यातून बुटाची नाडी. खराब होईल तेवढंच पान काढायचं. रेघ गिरवा, लहान-मोठं ओळखा, रंग सांगा, जोड्या लावा. शेवटी बाईंसाठी उत्तरांचं पान, लाल शाईत. जळगावच्या दुकानात शोधून सापडणार नाही असं काम.

२ मार्च

बालवाडीत फाईल दाखवायला गेलो. पोरं तुटून पडली. पुष्पाबाई म्हणाल्या, "आता पहिलीत कोण जाईल ते हिच्यावरच कळेल."

जोड्यांच्या पानावर डावीकडे चिमणी, कुलूप, केळं. उजवीकडे घरटं, किल्ली, माकड. खाली मोकळी जागा वाईट दिसत होती म्हणून तिथं नुसती शोभेला एक आगगाडी काढलेली. उखर्डूची कोकिळा पाच वर्षांची. तिने चिमणी, कुलूप बरोबर लावलं. केळ्यापासून मात्र रेघ ओढली ती थेट आगगाडीपर्यंत. मी पुसली. म्हटलं, नीट बघ. तिने पुन्हा तिथंच ओढली. तिसऱ्यांदाही तिथंच, आणि ठळक.

मी म्हणालो, "हिचं डोकं काही चालत नाही, पुष्पाबाई. अजून वर्षभर ठेवा इथंच." पोरं हसली. पोरीची आई भिकुबाई तिला न्यायला दारात येऊन उभी होती. ते मी नंतर पाहिलं.

३ मार्च

पान परत तपासलं. उत्तर बरोबरच आहे.

१९ एप्रिल

स्टेशनच्या मालधक्क्यावर पाटी रंगवायला गेलो होतो. दिल्लीकडे जाणाऱ्या वॅगनी भरणं चालू होतं. डोक्यावर केळीचे घड घेऊन माणसं आत जात होती, रिकामी बाहेर येत होती. त्यात कोकिळाचा बाप उखर्डू. आणि केळीच्या पाल्याच्या ढिगाशी कोकिळा, मांडीवर लहान भाऊ.

ब्रश हातात तसाच राहिला. केळं आणि आगगाडी.

उखर्डूला विचारलं, पोरगी बालवाडीत का नाही? तो घाम पुसत म्हणाला, "तिच्या मायनं बंद केली, नाना. तुम्ही म्हने डोकं नई, मंग कायले धाडाची? लहान्याले तरी सांभायते." रागावून नाही, हवापाणी सांगावं तसं.

मी विचारलं, "माकड पाहिलंय का रे तिने कधी, केळं खाताना?"

तो हसला. "कुठी पाह्यते? तिनं तं केयी गाडीतच जातानी पाह्यल्या."

पाटीवरची ओळ शेवटी उतरती झाली. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा.

२० एप्रिल

मी तरी माकड कुठे पाहिलं? पोराच्या पुस्तकातलं बघून उतरवलं. तिने डोळ्यांनी पाहिलेलं काढलं. चुकीचं कोणाचं?

मी चौथी नापास. हे या गावात कोणाला माहीत नाही. मास्तरांनी वर्गात उभं करून सांगितलं होतं, याचं काही व्हायचं नाही. शब्द वेगळे, बाकी तेच.

२ मे

भिकुबाईच्या घरी जाऊन आलो. चहा पुढे आला. मी म्हणालो, "बाई, त्या पानात चूक होती."

"पानात?" ती म्हणाली. "गल्लीतले पोरं तिले माकड म्हंतात, नाना. ते काय पानानं सांगलं?"

कप खाली ठेवला. "मी चुकलो," म्हणालो. मोठ्याने, तिच्या सासूसमोर. पोरगी हुशार आहे, पहिलीत घाला, असंही म्हणालो.

"जूनमदी पाहू."

कोकिळा दाराआड होती. बाहेर आली नाही.

३ मे

पुष्पाबाईंकडे जाऊन तेच परत सांगितलं. सोपं जाईल वाटलं होतं, गेलं नाही. लाल शाईचं पान त्यांच्यासमोर नाडी सोडून काढलं. त्या म्हणाल्या, "मग मी तपासू कसं, नाना?" म्हटलं, पोराला विचारा, ही रेघ का ओढली.

९ जून

कोकिळाचं नाव पहिलीत घातलं. भिकुबाई स्वतः घेऊन गेली. उखर्डूने धक्क्यावरून येताना निरोप दिला. आज पोटभर जेवलो.

नवं पान तयार केलं. मधोमध केळं. भोवती आगगाडी, माकड, गाय, टोपली, बाजार. कुठेही रेघ ओढा, चालेल. पहिली रेघ कोकिळानेच ओढायची.

१२ जून

कोकिळा आईबरोबर आमच्या घरी आली. नवं पान पुढे ठेवलं, तेलखडू हातात दिला. तिने तो केळ्यावर टेकवला. मग पानाकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत हळूच विचारलं –

"नाना, तुमाले कोन्ती रेघ पाह्यजे?"